तीन अक्षरांचा वाटा

मी नावांचा धंदा केला असं सांगितलं की लोकांना बारसं तरी आठवतं, नाहीतर ज्योतिष. एका लग्नात तर मला वधू-वर सूचक मंडळाची बाई समजून एका काकूंनी दोन स्थळं सांगून टाकली. म्हणून आता सुरुवातीलाच सरळ सांगते. मी इंटरनेटवरची नावं लोकांना घेऊन दिली, काही स्वतःसाठी घेऊन राखली आणि त्यातली काही विकली. बहुतेक तीन-चार इंग्रजी अक्षरांची, शेपटाला ‘डॉट इन’ असलेली. हे सगळं पिरंगुटच्या एका गाळ्यातून, १९९८ ते २०१० या काळात. एका बाजूला खताचं दुकान, दुसऱ्या बाजूला केशकर्तनालय आणि मध्ये मी.

आम्ही मूळचे औशाकडचे. मिस्टरांना उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी लागली, बावधनला भाड्याची जागा मिळाली आणि मी घरी बसून करू काय म्हणून गाळा घेतला. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. लग्नपत्रिका, तलाठ्याकडचे अर्ज, कारखान्यांची कोटेशनं. कोटेशनं टाइप करता करता कारखानदार विचारायला लागले, “ताई, ते वेबसाइट का काय म्हणतात ते तुम्ही करता का?” मी म्हटलं, करते. मग शिकले. आधी हो म्हणायचं आणि मग शिकायचं, अशीच माझी बरीचशी कामं झाली.

धंदा समजायला सोपा आहे. इंटरनेटवरचं नाव म्हणजे पत्ता. कोणीही, कुठूनही तो टाइप केला की तुमच्या दारात येतो. हा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. दरवर्षी फी भरून तो चालू ठेवावा लागतो. विसरलात की तो सुटतो आणि दुसरा कोणीही उचलतो. नावाला शेपूट असतं. ‘डॉट कॉम’ सगळ्या जगाचं, आणि शिवाय प्रत्येक देशाला दोन अक्षरांचं स्वतःचं. पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा एवढासा देश आहे. त्याच्या वाट्याला ‘डॉट टीव्ही’ आलं आणि जगभरचे टीव्हीवाले त्याच्या दारात पैसे घेऊन उभे राहिले. काही देशांना जमिनीखाली तेल सापडतं, तुवालूला शेपूट सापडलं.

आपलं ‘डॉट इन’ बरीच वर्षं घट्ट मुठीत होतं. साध्या दुकानदाराला ‘डॉट को डॉट इन’ असं लांबलचक शेपूट घ्यावं लागे. २००५च्या सुरुवातीला सरळ ‘डॉट इन’ सगळ्यांना खुलं झालं. आधी नोंदणीकृत ट्रेडमार्कवाल्यांना संधी, मग जो आधी येईल त्याला. मला याद्या करायची खोड आहे. मिस्टर म्हणतात, ही देवाकडे मागतानाही एक-दोन-तीन करून मागते. ती खोड तेव्हा कामाला आली. इंग्रजीची सव्वीस अक्षरं तीन-तीन करून जुळवली तर सतरा हजार पाचशे शहात्तर नावं होतात. त्यापुढे एकही नाही. कोणाला कितीही गरज पडली तरी नवीन निघत नाही. गुंतवणुकीचं सगळं तत्त्व एवढंच.

त्या वेळी आमच्याकडे सगळे जमिनीच्या मागे लागले होते. चहाच्या टपरीवर उभं राहिलं की गुंठ्याशिवाय दुसरा शब्द कानावर पडत नसे. मी ट्रेडमार्कवाल्यांची नावं कटाक्षाने बाजूला ठेवून, मला परवडतील तेवढी छोटी नावं घेतली.

मिस्टर म्हणाले, “लोक गुंठे घेतायत आणि तू अक्षरं घेतेस.”

“अक्षरांना कुंपण घालावं लागत नाही,” मी म्हटलं.

“आणि भेंडीही लावता येत नाही.”

हेही खरंच होतं. राखून ठेवलेलं नाव काही पिकवत नाही. वर्षाला फी तेवढी खातं आणि गिऱ्हाईक येईपर्यंत गप्प बसतं. बहुतेक नावांना कधीच कोणी विचारत नाही. माझ्या यादीतल्या काही नावांनी मला चांगला हात दिला. बावधनच्या आमच्या फ्लॅटचा पहिला हप्ता एका बंगळूरच्या कंपनीला विकलेल्या तीन अक्षरांनी भरला. आणि एक नाव मी फी वाचवायला सोडून दिलं, ते पुढे चांदणी चौकातल्या मोठ्या जाहिरातफलकावर झळकताना दिसलं. मिस्टर स्कूटर थांबवून म्हणाले, “तो बघ तुझा गुंठा.”

छोटं नाव का महाग, हे समजावण्याच्या माझ्या दोन चाचण्या होत्या. पहिली: नाव टेम्पोच्या मागे लिहिलं आणि टेम्पो चांदणी चौकाचा चढ चढून गेला, तर मागच्या स्कूटरवाल्याला ते लक्षात राहिलं पाहिजे. दुसरी: फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. पौडचे इनामदारभाई ताडपत्र्या विकायचे. त्यांना तिन्ही मुलांची नावं जोडून एक नाव हवं होतं.

“ताई, एक जरी पोरगा वगळला तर घरी जेवण मिळायचं न्हाई.”

मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, तुमच्या भिवंडीच्या व्यापाऱ्याला लावा आणि हे नाव लिहून घ्यायला सांगा. भाईंनी लावला. “हां, लिहा. एस... एस हो, सफरचंदाचा. मग ए. मग परत ए. अहो दोनदा ए! न्हाई, तो पहिला ए खोडू नका...” पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मला काउंटरच्या या बाजूला ऐकू आला. भाईंनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “चार अक्षरांत काय बसतंय बघा. पोरांचं मी घरी बघतो.”

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. पण माझ्या कामाचं चीज कुठे झालं असं कोणी विचारलं तर मी विकलेल्या नावांबद्दल सांगत नाही. शेडगे बंधूंच्या वाटणीबद्दल सांगते.

शेडगे बंधूंचा उरवड्याला स्प्रिंगा बनवायचा कारखाना. थोरले अण्णा आणि धाकटा संपत. कारखाना वडिलांच्या पैशातून उभा राहिला, पण मशीनला हात लावायचा तो संपतनेच. तो आयटीआय केलेला. अण्णा बाहेरचं बघायचे: जमिनी, सोयरीक, कचेऱ्या. डॉट इन खुलं झालं तेव्हा मी त्यांना तीन अक्षरी नाव घेऊन दिलं. वडिलांचं आद्याक्षर, आईचं आणि आडनावाचं. ती अक्षरं मी इथे लिहीत नाही. गिऱ्हाइकाचं इंटरनेटवरचं नाव छापायचं नाही, हा माझा लिहितानाचा नियम.

नियमांवरून आठवलं. धंद्याचे माझे तीन नियम होते आणि ते मी गाळ्यात आरशाशेजारी लावून ठेवले होते. नाव नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर घ्यायचं, आपल्या नाही. फीची आठवण महिनाभर आधी द्यायची. आणि तिसरा: नावाला मागणी आली तर मालकाला त्याच दिवशी कळवायचं. तिसरा नियम सगळ्यात अवघड. कारण नावाच्या नोंदीत मालकाखाली तांत्रिक संपर्क म्हणून माझा पत्ता असे. विकत घेणारे पहिलं पत्र मला धाडत. मालकाला काहीच माहीत नसताना त्याच्याकडून नाव स्वस्तात घ्यायचं आणि पुढे विकायचं, हे करणारे या धंद्यात कमी नव्हते.

शेडग्यांच्या नावाची नोंद अण्णांच्या नावावर होती, कारण तेव्हा घरचे कारभारी ते. तीन वर्षांत त्या तीन अक्षरांवर कारखाना चालायला लागला. चाकणच्या कंपन्यांची ड्रॉइंगं त्याच पत्त्यावर येत, जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डरही तिथेच. जर्मन माणूस उरवड्याला कधी आला नव्हता. त्याच्या दृष्टीने शेडगे म्हणजे ती तीन अक्षरं.

मग २००८मध्ये भावाभावांचं बिनसलं. लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यामुळे जमिनीचे भाव वर गेले आणि घरातल्या आवाजाची पट्टीही. भांडण कोर्टात जाऊ नये म्हणून पौडच्या मामांनी, म्हणजे त्यांच्या आईच्या भावाने, मध्यस्थी केली आणि जुन्या रिवाजाने वाटणी ठरवली. रिवाज असा: थोरल्याने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा.

अण्णांनी वाटे केले. एकात रस्त्याकडची जमीन. दुसऱ्यात कारखाना. जमिनीचं पारडं जड झालं म्हणून कारखान्याच्या बाजूला शेडमागची मोकळी जागा टाकली, टेम्पो टाकला आणि शेवटी किरकोळ म्हणून ऑफिसचं फर्निचर, बोर्ड आणि ‘इंटरनेटचं ते’. रविवारी वाटे उचलायचे होते.

गुरुवारी दुपारी संपत गाळ्यात कोटेशनची प्रिंट घ्यायला आला होता. मी मेल उघडली आणि समोर मुंबईच्या एका दलालाचं पत्र. त्याच्या परदेशी गिऱ्हाइकाला शेडग्यांची तीन अक्षरं हवी होती. आकडा लिहिला होता. त्या आकड्यात संपतला हवं असलेलं तार वळायचं, कॉइलिंगचं नवीन मशीन आलं असतं आणि वर शेडचा पत्राही बदलून झाला असता.

संपत काउंटरवरून वाकून वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने खुर्ची ओढली.

“ताई, हे रईवारपर्यंत तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या.”

“असं कसं? नोंद अण्णांच्या नावावर आहे.”

“मी कारखानाच उचलनार हाय. अण्णांनी नाव त्यातच टाकलंय, सोताच्या हातानं. मी चोरी करत न्हाई काय.”

“मग सांगायला काय हरकत आहे?”

“हरकत?” संपतने आवाज खाली आणला. “अण्णा ते नाव उचलून जमिनीत टाकतील. पैसं दिसलं की टाकनारच. मग मुंबईवाल्याला इकून मोकळं. अन् माझी ड्रॉइंगं कुटं यायची? जर्मनीवाला कुटं हुडकत बसंल मला? तीस माणसं हायेत शेडमधी. चार दिस गप बसायचं तेवडं मागतोय.”

त्याचं खोटं नव्हतं. माझ्या एका वाक्याने त्याचा कारखाना आंधळा होण्याची शक्यता होती आणि तो माझा रोजचा माणूस होता. अण्णा वर्षातून एकदा बिलावर कुरकुर करायला येत, तेवढेच.

“संपत, हेच पत्र तुमच्या नावावर आलं असतं आणि अण्णा मला म्हणाले असते, चार दिवस गप्प बसा, तर?”

“म्हनलेच असते.”

“आणि मी बसले असते तर तुम्ही मला काय म्हणाला असतात?”

संपत उठला. प्रिंट तशीच काउंटरवर राहिली. दारातून म्हणाला, “लई वाईट केलंत, मॅडम.” तोवर मी त्याची ताई होते.

मी अण्णांना फोन लावला. “ते फोनवर मला काय कळत न्हाई,” अण्णा म्हणाले. “रईवारी शेडवर या अन् मामांफुडं सांगा.”

पुढचे दोन दिवस मी दुसरं काम केलं नाही. त्या पत्त्यावर कोणकोणत्या गिऱ्हाइकांची पत्रं येतात, तो बदलला तर किती जणांना कळवावं लागेल, परदेशी कंपनीच्या कागदपत्रांत विक्रेत्याचा पत्ता बदलायला किती महिने लागतात, सगळ्याची चौकशी केली. नियम पाळायचा तर त्याने होणारं नुकसान आवरायची जबाबदारीही आपलीच, असं मला वाटत होतं.

रविवारी शेड बंद. मशीनं झाकलेली, तेलाचा वास तेवढा. ऑफिसातल्या टेबलाच्या एका बाजूला कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला होता, दुसऱ्या बाजूला जमिनीचे सातबारा उतारे. तेच दोन वाटे. मधल्या खुर्चीवर मामा: पांढरं धोतर, हातात चष्म्याची दांडी. मी दलालाच्या पत्राची प्रिंट पुढे केली आणि मराठीत सांगितली. नाव कारखान्याच्या वाट्यातलं, म्हणून मामांनी ती किल्ल्यांखाली ठेवली.

मामांनी विचारलं, “नाव म्हंजी ह्यो भायेरचा बोर्ड का?”

“बोर्ड नाही, मामा. पत्ता. लोक टपाल कुठं टाकतात, ते. दुसऱ्याने घेतला तर तुमचं टपाल त्याच्या घरी.”

अण्णा आकड्यावरच थांबले होते. “एवढं? तीन अक्षराला? हवेतल्या वस्तूला?”

“हवेतली म्हनू नगंस,” मामा म्हणाले. “बावधनला बिल्डर चवथ्या मजल्यावरची हवाच इकतुया. अन् तू त्येला जमीन इकलीस तवा हसत होतास.”

अण्णांनी ती प्रिंट किल्ल्यांखालून काढली आणि सातबाऱ्यांवर ठेवली. “मग हे हिकडं. नोंद बी माझ्याच नावावर हाय.”

संपतने माझ्याकडे पाहिलं.  

मामांनी चष्मा घातला. “ठेव की. वाटं करायचा हक तुझा हाय. पर उचलायचा त्येचा हाय.”

 मलाही ते तेव्हाच लख्ख कळलं. जमीन आणि वर हे नाव. आता सातबाऱ्यांचं पारडं इतकं जड झालं होतं की संपतने रागाने तेच उचललं, तर अण्णांच्या गळ्यात पत्ता नसलेला कारखाना येणार होता. आणि अण्णांना स्प्रिंग कुठल्या टोकाने धरायची तेही ठाऊक नव्हतं.

“संप्या,” अण्णा सावकाश म्हणाले, “तू काय उचलनार?”

“ते आदी सांगत न्हाईत, अण्णा.”

मामा खोकले, मला वाटतं हसू दाबलं. अण्णांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “ताई, खरं सांगा. ह्या नावाची खरी किंमत काय? ह्या मुंबईवाल्याचं सोडा. तुमी सांगा.”

नावाची किंमत करायला मला पुष्कळ लोकांनी बोलावलं. विकणाऱ्याला मी जास्त सांगावं असं वाटे, घेणाऱ्याला कमी. माझा आकडा कोणालाच नको असे. त्यांना आपापल्या आकड्यावर माझा शिक्का हवा असे. त्या दिवशी पहिल्यांदाच असा माणूस समोर होता, ज्याला कुठला वाटा आपल्याकडे उरणार हे ठाऊक नसल्याने दोन्हीकडून धोका होता. मी जास्त सांगितलं तरी तो फसणार, कमी सांगितलं तरी फसणार. त्याला फक्त खरं उपयोगी होतं. मामांच्या त्या जुन्या रिवाजाने अण्णांना माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक करून टाकलं होतं.

मी सांगितलं. दलालाचा पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो, म्हणून भाव याहून वर जाईल. पण बाजार पडायला लागला आहे, आणि नावाला गिऱ्हाईक एकच असतं. ते उठून गेलं तर दुसरं कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून फार वरही धरू नका. मी एक आकडा सांगितला. दलालाच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त.

“हे झालं मोकळ्या नावाचं,” मी म्हटलं. “पण हे मोकळं नाही. ह्याच्यावर कारखाना बसलाय. पत्ता हलवायचा तर सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून, कागद बदलून, सहज सहा महिने जातील, आणि त्यात दोन-तीन गिऱ्हाइकं सुटतील. म्हणजे नाव तिकडे ठेवलंत तर तिकडे जेवढं वाढतं, त्याहून जास्त इकडे कमी होतं. शेडचं दार काढून जमिनीच्या वाट्यात ठेवल्यासारखं. दाराचे पैसे येतील. शेडचं काय?”

“दोन्हीकडं मिळून खोटच,” मामा म्हणाले.

“हो. आणि ती खोट ज्याच्या वाट्याला येईल त्याची.”

अण्णांनी दोन्ही ढिगांकडे पाहिलं. मग त्यांनी प्रिंट उचलली आणि परत किल्ल्यांखाली सरकवली.  पण अण्णांचं झालं नव्हतं. त्यांनी सातबाऱ्यांवर बोट ठेवलं. “नाव कारखान्यात. पर ताईंनी सांगितलेली किंमत धरून. टेम्पो हिकडं येतोय. अन् शेडमागची जागा बी हिकडं.”

“अण्णा, ती जागा मला फुडं शेड वाडवायला...”

“फुकाट मिळत व्हतं तवा नाव किरकोळ व्हतं. आता न्हाई.”

ह्यात अण्णांचं काही चूक नव्हतं. पण ती मागची जागा माझ्या आकड्याने गेली, हे मी आजही विसरत नाही. मी गुरुवारी गप्प बसले असते तर ती संपतकडे राहिली असती. पुढे त्याला दुसरी शेड दूर, भाड्याने घ्यावी लागली.

मामांनी टेबलावर बोट वाजवलं आणि अण्णांना त्यांच्या नावाने हाक मारली. “ज्ञानोबा, झाले वाटे?”

अण्णांनी परत एकदा किल्ल्यांकडे पाहिलं, मग उताऱ्यांकडे. “झाले. आता मला ह्यातला कुटलाबी चालंल.”

“मग बरूबर झाले,” मामा म्हणाले. “संपत, उचल.”

संपतने हात पुढे केला तो थेट किल्ल्यांवर नाही. उताऱ्यांवरून नेला, तिथे क्षणभर थांबवला. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग जुडगा उचलला आणि खिशात टाकला.

“उगंच घाबरवतोस व्हय रं मला?” अण्णा म्हणाले.

“तुमी मला चार दिस घाबरवलंत.”

आठवड्याने दोघे एकाच मोटरसायकलवरून माझ्या गाळ्यात आले. वाटण्या झाल्या तरी मोटरसायकल एकच चालू होती, दुसरीचं इंजिन उघडं पडलं होतं. नाव संपतच्या नावावर करायचं, तर अण्णांची संमती लागत होती. त्यांच्या मेलवर एक पत्र येणार, त्यातलं ‘मान्य’ हे बटन त्यांनी स्वतः दाबायचं. अण्णांनी स्वतःची मेल तोवर एकदाही उघडली नव्हती. मी उघडून दिली आणि उठून बाजूला झाले. ते माझ्या खुर्चीवर बसले. कॉम्प्युटरच्या उंदरावर हात ठेवला, तोही जपून, चावेल असा.

पडद्यावर ती तीन अक्षरं मोठी दिसत होती.

“ह्यातलं पैलं बापाचं ना?”

“हो. दुसरं आईचं.”

“दाबलं की गेलं?”

“गेलं.”

“अन् माघारी?”

“संपतने दिलं तर.”

“ह्यो देतोय व्हय!” अण्णा म्हणाले आणि दाबलं.  खताच्या दुकानातून पोती टाकल्याचा आवाज येत होता.

नोंद बदलल्याचं पत्र संपतच्या मेलवर आलं. मी छापून त्याच्या हातात दिलं. मी त्या नावाची किंमत केली, ती दोन्ही भावांनी मानली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याला येणारी एकही ऑर्डर चुकली नाही, हे मी माझ्या कामाचं प्रमाणपत्र समजते. दुसरं कुठलं माझ्याकडे नाही.

“मुंबईच्या दलालाला उत्तर द्यायचं राहिलंय,” मी म्हटलं. “आता मालक तुम्ही. काय लिहू?”

“लिवा, इकायचं न्हाई.”

मी टाइप करायला घेतलं. अण्णा दारात चपला घालत होते. तिथूनच मान वळवली.

“आरं येड्या, भाव तरी इचार.”

“इकायचंच न्हाई तर भाव कशाला इचारायचा?”

“माझ्या जमिनीचा मी रोज सकाळी इचारतोय. ती काय इकतोय व्हय? आपल्याकडं काय हाय ते मानसाला ठावं असावं.”

संपतने माझ्याकडे पाहिलं. “बरं. इचारा, मॅडम.”

मी लिहिलेलं खोडलं आणि भाव विचारला. दलालाने दोन दिवसांत वाढवून कळवला. संपतने आकडा वाचला, कागदाची घडी केली आणि अण्णांना दाखवायला घेऊन गेला.